नॅसकारचा प्रेक्षक

नॅसकार ही अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींची मुख्य संस्था. बिल फ्रान्स यांनी ती १९४८ मध्ये डेटोना बीच येथे स्थापन केली. तिचा चाहता म्हणजे दक्षिणेकडचा, बिअर ढोसणारा, अडाणी गोरा कामगार, ही प्रतिमा शहरी अमेरिकेत घट्ट रुजली आहे. ती अगदीच निराधार नाही. सुरुवातीचे काही चालक चोरटी दारू पोहोचवताना, पोलिसांना हुलकावण्या देत तयार झाले. त्यांपैकी ज्युनियर जॉन्सन यांनी चोरट्या दारूच्या धंद्यापायी तुरुंगवास भोगला. पत्रकार टॉम वुल्फ यांच्या १९६५ मधील लेखाने मात्र त्यांना देशभर नायक केले. पण या प्रतिमेवरून होणाऱ्या थट्टेचा रोख बहुधा खेळावर नसतोच. तो दक्षिणेकडच्या गिरणगावांवर असतो. नामांकित चालक डेल अर्नहार्ट यांचे, उत्तर कॅरोलिनातील कॅनापोलिस हे असेच गाव. तेथील कापडगिरणी २००३ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगार बेकार झाले. जवळच्या शार्लट शहरात मोठ्या बँकांची मुख्यालये आहेत, आणि बहुतेक शर्यत-संघांचा तळही त्याच परिसरात आहे. हे चित्र विनोदांत सहसा येत नाही. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतही पत्रकारांनी या प्रेक्षकाला ‘नॅसकार डॅड’ म्हणून एकगठ्ठा मतदार ठरवले. नॅसकारवरचा वर्णभेदाचा आक्षेप मात्र खरा आहे. १९६३ मध्ये जॅक्सनव्हिल येथे जिंकलेल्या कृष्णवर्णीय चालक वेंडेल स्कॉट यांच्याऐवजी आधी दुसऱ्यालाच विजेता घोषित केले गेले. शर्यतस्थळी गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या कॉन्फेडरेट ध्वजावर बंदी आली ती २०२० मध्ये.