गोरोंगोझाचें अरण्य

सफारी हा शब्द आतां आपल्याकडे घरोघरीं माहीत झाला आहे. तो पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेंतील असून अरबी 'सफर' या शब्दापासून झालेला आहे. म्हणजे आपल्या मराठींतील सफरीचा तो भाऊबंदच होय. त्याचा मूळ अर्थ निव्वळ प्रवास. बंदुकीचा वास त्याला गोऱ्या शिकाऱ्यांनीं मागाहून लावला. इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला अशा सफरींत काय मिळणार, अशी शंका निघतांना माझ्या मनांत होतीच. परंतु मोझांबिक देशांतील गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यानांत चार दिवस काढल्यावर तिचें निरसन झालें. इतकेंच नव्हे, तर कोणत्याहि दफ्तरखान्यांत न सांपडणारा एक पुरावा तेथें दृष्टीस पडला.

हिंदी महासागरावरील बेइरा बंदराहून आंत गेलें म्हणजे आफ्रिकेच्या प्रचंड खचदरीचें दक्षिणेकडील टोक लागतें. त्या सखल मैदानांत उरेमा सरोवर असून पश्चिमेच्या अंगास १,८६३ मीटर उंचीचा गोरोंगोझा पर्वत उभा आहे. पावसाळ्यांत सरोवर मैदानभर पसरतें आणि कोरड्या ऋतूंत ओसरतांना मागें कोंवळें गवत ठेवून जातें. येथील पशुसमृद्धीचें मूळ यांत आहे.

हा मुलूख मराठी वाचकास वाटतो तितका परका नाहीं. मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चाले; आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खुद्द गोरोंगोझा प्रांतावर मान्युएल आंतोनियो द सौझा नांवाच्या एका गोमंतकीयानें खासगी सैन्याच्या बळावर सत्ता गाजविली. हस्तिदंत हा त्याच्या वैभवाचा एक आधार होता. त्या काळीं पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर मुंबईस उतरे आणि पश्चिम हिंदुस्थानांतील वधूंच्या चुड्यांत त्याचा पुष्कळ भाग खपे.

पुढें १९२० सालीं मोझांबिक कंपनीनें येथें हजार चौरस किलोमीटर रान शिकारीसाठीं राखून ठेवलें. तें वाढत जाऊन १९६० मध्यें पोर्तुगीज सरकारनें त्याचें राष्ट्रीय उद्यान केलें. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत केनेथ टिन्ली या शास्त्रज्ञानें विमानांतून मोजदाद केली, तेव्हां सुमारें २,२०० हत्ती, १४,००० रानम्हशी आणि ३,५०० पाणघोडे भरले.

१९७५ सालीं देश स्वतंत्र झाला आणि दोन वर्षांतच फ्रेलिमो सरकार व रेनामो बंडखोर यांच्यांत यादवी पेटली. ती १९९२ च्या ऑक्टोबरांत रोम येथें तह होईपर्यंत धुमसत राहिली. रेनामोचा एक मुख्य तळ याच पर्वताच्या पायथ्याशीं होता. डिसेंबर १९८१ मध्यें उद्यानाच्या चितेंगो छावणीवर हल्ला झाला आणि १९८३ मध्यें उद्यान बंद पडलें. सैनिकांनीं पोटासाठीं हरणें मारलीं आणि शस्त्रांच्या पैशासाठीं हत्ती. तह झाल्यावरहि शिकारी थांबले नाहींत. मोठ्या जनावरांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक नाहींशीं झालीं.

या यादवींत सुमारें दहा लक्ष माणसें दगावलीं, असें मानतात. मग हत्तींचा शोक कशाला, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारणें रास्तच आहे. माझें उत्तर एवढेंच कीं, हीं दोन दुःखें निराळीं नाहींत. जी गोळी हत्तीचा दांत विकून आली, तीच पुढें एखाद्या खेड्यांत झाडली गेली.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या वाटाड्यानें गाडी एकाएकीं दूरच थांबविली. समोर एक वृद्ध हत्तीण कान पसरून, कळप पाठीशीं घालून उभी होती. युद्ध पाहिलेल्या हत्तिणी अजून गाडीचा आवाज सहन करीत नाहींत, असें तो हलक्या आवाजांत म्हणाला. तिला सुळे नव्हते. आपल्याकडील हत्तिणींना बाहेर दिसणारे सुळे सहसा नसतातच, म्हणून मला त्यांत नवल वाटलें नाहीं. परंतु आफ्रिकेंत नर-मादी दोघांनाहि सुळे असतात, याची त्यानें आठवण दिली, तेव्हां अर्थ ध्यानांत आला. युद्धापूर्वीं येथील शेंकडा साडेअठरा हत्तिणी बिनसुळ्यांच्या होत्या. युद्धांतून वांचलेल्यांत हें प्रमाण एकावन्नांवर गेलें आणि पुढें जन्मलेल्या माद्यांत तें तेहतिसांवर राहिलें, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविलें आहे. ज्यांना सुळे होते त्या मेल्या. नव्हते त्या उरल्या. आणि ज्या आनुवंशिक गुणानें आईला तारलें, तोच गुण तिच्या नरगर्भास मारक ठरत असावा, असें संशोधकांचें मत आहे.

२००४ पासून ग्रेग कार या अमेरिकन गृहस्थांची संस्था मोझांबिक सरकारच्या सहकार्यानें हें अरण्य सावरीत आहे. २००६ पासून दक्षिण आफ्रिकेंतून रानम्हशी आणल्या गेल्या. २०१८ मध्यें रानकुत्रे आले. पर्वतावर देशी झाडांच्या सावलींत कॉफी लावून शेतकऱ्याचें पोट आणि जंगल यांचें भांडण मिटविण्याचा यत्न चालू आहे. तथापि, अरण्य पूर्ववत् झालें, असें म्हणणें धाडसाचें होईल. वॉटरबक नांवाचीं हरणें युद्धापूर्वीं साडेतीन हजार होतीं, तीं २०१८ च्या मोजदादींत पन्नास हजारांच्या वर गेलीं. हत्ती मात्र पूर्वीच्या संख्येपासून दूरच होते. जखम भरते, पण त्वचा निराळी येते. उजाड झालेलीं गांवें पुन्हा वसतात, त्यांची गोष्टहि हीच नव्हे काय?

आमच्या घरीं पणजीच्या वेळची एक हस्तिदंती फणी आहे. परत आल्यावर मीं ती पेटींतून काढून पुष्कळ वेळ पाहिली. ती कोठल्या रानांतून आली, कोणाच्या हातून आली, याची तिच्यावर कसलीहि खूण नाहीं. ती खूण त्या हत्तिणीच्या तोंडावर होती.