कुड, वीट आणि निवडीचा हक्क

कुडाचे घर उन्हाळ्यात गार, खर्चाला हलके आणि मोडले तर मातीत मिसळणारे. मग शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतील लोक सिमेंटच्या मागे का धावतात, असा प्रश्न शहरातले पर्यावरणवादी मला नेहमी विचारतात. या लोकांना स्वतःचे हित कळत नाही, असा आरोप त्या प्रश्नात दडलेला असतो. माझ्या मते याचे उत्तर घराच्या इतिहासात शोधले पाहिजे.

कारवी कित्येक वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तिच्या काठ्या मेढींमध्ये बांधून त्यांवर शेणमाती लिंपली की कुड तयार होतो. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले. परंतु मातीत राहणे ही सर्वांची खुषी नव्हती. अस्पृश्यांवरील बंधनांची जी यादी बाबासाहेबांनी नोंदवली, तिच्यात कौलारू घर बांधण्याची मनाईही आहे. गावकुसाबाहेरचे गवती छप्पर ही जातीची निशाणी होती. त्या छपराचे गोडवे आज गायचे, तर ही मनाई विसरून चालणार नाही.

आदिवासींच्या वाट्याला दुसरे बंधन आले. 1878च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलातली मेढ विनापरवाना तोडणे गुन्हा ठरले. जंगल सरकारचे झाले आणि घर मात्र जंगलाचेच राहिले. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. शहरांच्या भिंती ज्या विटांनी उभ्या राहिल्या, त्या थापणारे हात कुडातच राहिले. वेठबिगारी 1976च्या कायद्याने रद्द झाली, तरी उचलीचा फास सुटला नाही. अशा माणसाने स्वतःसाठी वीट मागितली, तर त्याला निसर्गाचा शत्रू कसे म्हणावे?

शासनानेही हीच भाषा पक्की केली. 1985ची इंदिरा आवास योजना अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगारांसाठी सुरू झाली. 2011च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत कच्च्या भिंती व कच्चे छप्पर हे वंचिततेचे माप ठरले. 2016पासून प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात 1,20,000 रुपये आणि किमान 25 चौरस मीटर जागा ठरली. 2023मध्ये कातकरींसारख्या आदिम जमातींसाठी ही रक्कम 2,00,000 झाली. कागदावर जो कुड दारिद्र्याचा पुरावा, तोच शहरी पाहुण्यांच्या रिसॉर्टमध्ये पर्यावरणपूरक म्हणून भाड्याने मिळतो.

मी सिमेंटची वकिली करीत नाही. एप्रिलमध्ये स्लॅबखाली जीव कासावीस होतो, हे तिथे राहणाऱ्यांना कोणी शिकवायला नको. पक्क्या घरामागे कुडाची पडवी ठेवून तिथे चूल मांडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ऊन, पाऊस, प्रतिष्ठा आणि अनुदान यांचा त्यांचा हिशेब चोख असतो.

1940च्या दशकात इजिप्तमध्ये हसन फतही यांनी मातीच्या विटांचे न्यू गुर्ना हे सुंदर गाव वसवले. ज्यांच्यासाठी वसवले त्यांतल्या बहुतेकांनी तिथे जायला नकार दिला. दुसऱ्याने ठरवलेले घर कितीही गुणी असले तरी ते लादलेलेच असते.

म्हणून मागणी अशी की 2006च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेला बांबू वाडीच्या हाती प्रत्यक्ष यावा. सुधारलेल्या कुडाच्या घरालाही विटेच्या घराइतकेच अनुदान मिळावे. कुड बांधणाऱ्या बाईला गवंड्याइतकी मजुरी मिळावी. आणि मातीच्या घराचा उपदेश करणाऱ्यांनी आपला बंगला बांधतानाही तो पाळावा. एवढे झाल्यावर वाडीतल्या माणसाने माती निवडली काय किंवा सिमेंट, तो निर्णय त्याचा स्वतःचा असेल.