परदेशातील अध्यापन आणि राहून गेलेला आयकर

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर गुडगाव, म्हणजे २०१६ पासूनचे गुरुग्राम, मागे टाकले की मानेसर येते. मोटारींचे कारखाने, त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो उद्योग, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, कंपनी कायद्याच्या प्रशिक्षणाची सरकारी संस्था असा तेथील पसारा आहे. नोकरीनिमित्त येथे स्थिरावलेली मराठी कुटुंबेही आहेत. या गावात ज्ञान दोन दिशांनी वाहते. जपानी अभियंता येथे येऊन यंत्र शिकवतो आणि येथला संशोधक वर्ष-दोन वर्षे अमेरिकेतील विद्यापीठात शिकवायला जातो. दोघांच्याही मागे एक प्रश्न उभा असतो: या काळातल्या पगारावरचा कर कोणाचा?

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. धर्मानंद कोसंबी १९१० साली 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी हार्वर्डला गेले आणि १९१२ मध्ये परतले. त्या पहिल्या मुक्कामात हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते, कारण अमेरिकेत आजच्या स्वरूपाचा संघीय आयकर १९१३ च्या घटनादुरुस्तीनंतर आला. १९१८ मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२२ पर्यंत राहिले, तेव्हा मात्र आयकर होता आणि महायुद्धामुळे त्याचे दरही चढलेले होते. विद्यापीठ तेच आणि ग्रंथही तोच, पण मधल्या सहा वर्षांत राज्यसंस्था पगाराच्या पाकिटापर्यंत पोहोचली होती.

इकडे हिंदुस्थानात १८६० पासून आयकराचे प्रयोग चालू होते व १८८६ च्या कायद्याने तो कायमचा झाला. पण त्या कायद्याची आणि १९२२ च्या कायद्याचीही मूळ नजर उत्पन्न कोठे निर्माण झाले अथवा कोठे हाती आले यावर होती. समुद्रापार मिळालेला पगार समुद्रापारच खर्च झाला, तर येथील कर-अधिकाऱ्याला त्याच्याशी साधारणतः कर्तव्य नसे. हे चित्र १९३९ च्या दुरुस्तीने पालटले. 'निवासी' ही संकल्पना कायद्याच्या मध्यभागी आली आणि निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न करपात्र ठरू लागले. उत्पन्नाच्या पत्त्यापेक्षा माणसाचा पत्ता महत्त्वाचा झाला. आजही आपण त्याच चौकटीत आहोत. १९६१ च्या कायद्यातही, सर्वसाधारणपणे, आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस निवासी मानला गेला.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती. तेव्हा सरकारने बाहेर शिकवणाऱ्याकडे कर बुडवणारा म्हणून नव्हे, तर डॉलर आणणारा म्हणून पाहिले. कलम ८०-आर हे त्या दृष्टीचे अपत्य. परदेशी विद्यापीठात प्राध्यापक, शिक्षक वा संशोधक म्हणून मिळालेल्या मोबदल्याचा मोठा भाग भारतातील करपात्र उत्पन्नातून वजा करता येई. शेजारचेच कलम ८०-आरआर लेखक, कलावंत व खेळाडूंसाठी होते. सचिन तेंडुलकर यांनी जाहिरातींच्या परदेशी मोबदल्यावर 'अभिनेता' म्हणून मागितलेली वजावट मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०११ मध्ये मान्य केली, ती याच कलमाखाली. चलनाची चणचण सरताच या सवलतींचे प्रयोजनही सरले. २००० च्या वित्त कायद्याने करनिर्धारण वर्ष २००१-०२ साठी ६० टक्के, पुढे ४५, ३०, १५ अशा पायऱ्यांनी त्या उतरवल्या आणि २००५-०६ पासून शून्यावर आणल्या. सवलत काढून घेण्याची ही पद्धत मला प्रशासकीयदृष्ट्या उत्तम वाटते. पाच वर्षे आधी सांगून काढलेली सवलत कोणाला फसवत नाही. तरीही 'बाहेर शिकवले तर कर लागत नाही' ही समजूत कलमापेक्षा दीर्घायुषी ठरली.

या समजुतीला दुसरा आधार आहे, तो भारत-अमेरिका करसंधीचा. १२ सप्टेंबर १९८९ रोजी नवी दिल्लीत सही झालेल्या या संधीचा बाविसावा अनुच्छेद सांगतो की, जाण्याच्या लगेच आधी भारताचा निवासी असलेला शिक्षक वा संशोधक दोन वर्षांहून अधिक नाही इतक्या मुदतीसाठी अमेरिकी विद्यापीठात गेला, तर त्या कामाच्या मोबदल्यावर अमेरिका कर घेणार नाही. उलट दिशेनेही तेच. वाक्य साधे दिसते, पण ते फक्त अमेरिकेच्या बाजूने बोलते. भारत काय करील हे ते सांगत नाही.

मानेसरचा एखादा संशोधक कल्पनेत घ्या. तो एका सत्रासाठी ऑगस्टमध्ये गेला आणि डिसेंबरात परतला, तर वर्षातील बहुतेक दिवस तो भारतातच होता, म्हणून निवासी. अमेरिकेने सूट दिलेला तोच पगार भारतात पूर्ण करपात्र आहे. तेथे कर भरलेला नसल्यामुळे येथे वजा करायलाही काही नाही.

आता तोच १५ ऑगस्ट २०२२ रोजी दोन वर्षांच्या नोकरीसाठी गेला आणि १० ऑगस्ट २०२४ रोजी परतला असे समजा. २०२२-२३ मध्ये तो भारतात सुमारे १३७ दिवस होता. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला ६० ऐवजी १८२ दिवसांची मर्यादा लागते, म्हणून तो अनिवासी. २०२३-२४ मध्ये तो आलाच नाही, म्हणजे तेव्हाही अनिवासी. परंतु २०२४-२५ मध्ये तो २३४ दिवस भारतात राहिला, त्यामुळे निवासी झाला. आधीच्या सात वर्षांतील त्याचा भारतातील वास ७२९ दिवसांहून कितीतरी अधिक असल्याने परतलेल्यांसाठीची 'सामान्य निवासी नसलेला' ही सवलतही त्याला मिळत नाही. परिणाम असा की, १ एप्रिल ते परतीचा दिवस या चार महिन्यांचा अमेरिकी पगार सर्वसाधारणपणे भारतात करपात्र ठरतो. परतीच्या विवरणपत्रात बहुधा नेमका हाच पगार येत नाही, कारण त्या माणसाच्या मनात 'ती दोन वर्षे' हा एकसंध तुकडा असतो आणि कायद्याच्या लेखी ते तीन वेगवेगळे हिशेब असतात. तेथील बँक खाते परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवणेही राहून जाते, आणि २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली त्या विस्मरणाला दहा लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण वीस लाखांपर्यंतच्या, स्थावर नसलेल्या मालमत्तेला त्यातून वगळले, हे शहाणपणाचे झाले.

तिसरी शक्यता सर्वांत कठीण आहे. प्रकल्प लांबला, विभागप्रमुखाने आग्रह केला, मुलांचे शालेय वर्ष संपायचे होते, म्हणून मुक्काम आणखी तीन महिने वाढला. अमेरिकी महसूल खात्याच्या भूमिकेनुसार भेट दोन वर्षांहून लांबली की सूट केवळ पुढची नव्हे, तर पहिल्या दिवसापासूनची जाते, दोन्ही देशांच्या सक्षम अधिकाऱ्यांनी वेगळे ठरवले नाही तर. म्हणजे तीन महिन्यांच्या पगारासाठी सत्तावीस महिन्यांचा कर, वर व्याज. इतर काही देशांशी असलेल्या संधींत मुदतीनंतरचाच पगार करपात्र होतो. आपल्या वाट्याला ती उदारता आली नाही.

अशी थकबाकी निघाली तर राज्याने कसे वागावे, याचे एक चांगले उदाहरण गुडगावनेच दिले आहे, आणि तेही उलट्या दिशेचे. एली लिली या औषध कंपनीच्या भारतीय संयुक्त उपक्रमात परदेशातून पाठविलेले कर्मचारी होते. त्यांच्या पगाराचा काही भाग मायदेशी मिळे आणि त्यावर येथे करकपात होत नसे. अशीच अनेक कंपन्यांची अपिले एकत्र आली. २५ मार्च २००९ रोजी न्या. एस. एच. कपाडिया यांच्या पीठाने निर्णय दिला की, सेवा भारतात दिली असेल तर पगार कोठेही मिळो, तो येथे करपात्र आहे व कपात करणे मालकाचे कर्तव्य आहे. उशिराचे व्याजही द्यावे लागेल. मात्र प्रश्न नवा होता, समजूत प्रामाणिक होती आणि कर व व्याज भरले गेले होते, म्हणून दंड लागणार नाही. व्याज हे सरकारचे पैसे वापरल्याचे भाडे असते आणि दंड ही शिक्षा. हा भेद खालच्या कचेऱ्यांत नेहमी पाळला जातो असे नाही.

एकट्या शिक्षकासाठी आता वाट थोडी रुंद झाली आहे. २०२२ मध्ये 'अद्ययावत विवरणपत्रा'ची सोय झाली आणि २०२५ मध्ये तिची मुदत दोनवरून चार वर्षांवर गेली. विलंबानुसार कर व व्याजाच्या २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम भरून माणूस आपणहून हिशेब पुरा करू शकतो. परदेशात कर भरला असेल तर नमुना ६७ देऊन त्याचे श्रेय मागण्याची पद्धतही बसली. विमानतळावर अडवतील ही भीती मात्र बहुतांशी निराधार आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर कर-निरसन दाखल्याविषयी जो गोंधळ उडाला, त्यावर प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच ऑगस्टमध्ये खुलासा केला की, हा दाखला सर्वांना लागत नाही. गंभीर आर्थिक अनियमितता असलेल्यांना, किंवा स्थगिती नसलेली दहा लाखांहून अधिक प्रत्यक्ष कराची थकबाकी असलेल्यांनाच, तोही कारणे नोंदवून आणि वरिष्ठांच्या मंजुरीने, तो मागता येतो. मंडळाची ही भूमिका २००४ पासूनचीच आहे.