एडवर्ड नावाचा गुलाब

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललोय तसंच ठेवलंय.

मागचे काही भाग किल्ले आणि लढायांवर झाले. आज विषय एकदम घरगुती आहे: परसातला गुलाब. नर्सरीतून दीडशे-दोनशे रुपयांना आणलेला मोठ्या फुलांचा नव्हे. न्हाणीघराच्या पाण्यावर वाढणारा, पसरट, काटेरी, गुलाबी फुलांचा, आणि एक फूल देवघरात ठेवलं तर सोप्यापर्यंत वास येणारा. आमच्या कोडोलीत त्याला कुणी 'देशी गुलाब' म्हणतं, कुणी 'गावठी'. नर्सरीवाला मात्र त्याला 'एडवर्ड' म्हणतो. आता गावठी गुलाबाचं नाव एडवर्ड कसं, हा प्रश्न मला पडला आणि तिथून हा भाग सुरू झाला.

आधी हंगामाचं सांगतो. इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत गुलाब जूनमध्ये फुलतो. आपल्याकडं जूनमध्ये पानांवर काळे ठिपके पडतात आणि झाड कसंबसं पाऊस काढतं. आपलं गुलाबाचं वर्ष दसऱ्याच्या आसपास सुरू होतं. पाऊस उघडला की ऑक्टोबरात छाटणी. वाळकी, रोगट फांदी काढायची, कापाला बोर्डो पेस्ट लावायची, मुळाशी शेणखत किंवा कारखान्याचं प्रेसमड. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत पहिला बहर. हिशेब करून बघा, नेमकी मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा येते, मग दत्तजयंती, नाताळ, आणि मागोमाग संक्रांतीचं हळदीकुंकू. रथसप्तमीपर्यंत बायकांची ये-जा चालू असते आणि झाडही थांबत नाही. सकाळी दव पडलेलं असताना आई फुलं काढते, तेव्हा वास सगळ्यात दाट असतो. ऊन चढलं की तो विरत जातो.

आता इतिहास. 'गुलाब' हा शब्दच मुळात फुलाचा नाही. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे फुलाचं पाणी. आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि मग पाण्याला म्हणायला लागलो गुलाबपाणी! फूल-पाणी-पाणी! पण यातून एक गोष्ट कळते. या भाषेत गुलाब आधी आला तो बहुधा बाटलीतून. दरबार असो, लग्न असो, नाहीतर एकोणिसाव्या शतकातली सभा, शेवट ठरलेला: अत्तरगुलाब आणि पानसुपारी. गुलाबदाणीतून शिंपडलं की मंडळी उठायची.

हे पाणी आणि अत्तर ज्या गुलाबाचं, तो दमिश्की गुलाब. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की गुलाबपाणी काढताना वर तरंगणारा तेलकट थर नूरजहाँच्या आईनं, अस्मत बेगमनं, गोळा केला आणि त्यातून गुलाबाचं अत्तर निघालं. उत्तरेत कनौज, गाझीपूर ही त्या धंद्याची गावं. पण या गुलाबाची एक अडचण होती. तिकडं तो वसंतात बहरतो, मार्च-एप्रिलमध्ये तोडणी होते, आणि मग उरलेलं वर्ष नुसते काटे सांभाळायचे.

बारमाही फुलण्याची खोड होती चीनमधल्या गुलाबांना. त्यांना वास बेताचा, पण फुलं थांबायची नाहीत. याचं कारण २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. गुलाबात एक जनुक असतं, त्याचं काम फुलोऱ्याला 'थांब' म्हणणं. चिनी गुलाबात त्या जनुकाच्या मधोमध दुसराच एक तुकडा येऊन बसलाय, त्यामुळं ते 'थांब' कधी म्हटलंच जात नाही. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळं मला हे लगेच पटलं. कुणीतरी एक अट निकामी केली आणि प्रोग्रॅम कायमचा चालू राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे चिनी गुलाब जहाजांतून युरोपात पोचू लागले. वाटेत कलकत्त्याचं बंदर लागायचं, म्हणून फ्रेंच लोक त्यांना 'बंगालचे गुलाब' म्हणायचे.

आता हिंदी महासागरातल्या एका बेटावर चला. आजचं नाव रियुनियन, तेव्हाचं बूर्बों. फ्रेंचांची वसाहत. तिथले शेतकरी शेताला गुलाबाचं कुंपण घालायचे. आपण निवडुंग किंवा मेंदी लावतो तसं. कुंपणात दोन जाती असायच्या, एक चिनी, एक दमिश्की. भुंग्या-माश्यांनी आपलं काम केलं. १८१७ च्या सुमारास एदुआर पेरिशों नावाच्या माणसाच्या लागवडीत एक वेगळंच रोप दिसलं. वास दमिश्कीचा, पण फुलं पुन्हा पुन्हा येणारी. त्याच सुमारास बेटावर आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेओं यांनी त्याचं बी १८१९ मध्ये फ्रान्सला धाडलं. त्यातून 'बूर्बों गुलाब' हे घराणंच तयार झालं. मूळ रोपाला नाव पडलं 'रोझ एदुआर'.

एदुआर इंग्रजांच्या तोंडी झाला एडवर्ड. इंग्लंडच्या राजाचा इथं काही संबंध नाही! आपल्याकडचा एडवर्ड म्हणजे हाच गुलाब, असं जाणकार मानतात. काही जण तर उलटं म्हणतात, की तो आधी कलकत्त्याच्या बागेत होता आणि तिथून बेटावर गेला. वाट कुठलीही असो, चीन, दमिश्क आणि हिंदी महासागर एका रोपात एकत्र आले, आणि त्याला आपण म्हणतो गावठी.

पुढची गोष्ट झटपट सांगतो. बूर्बोंच्या पिढ्यांचा पुढं चिनी चहागंधी गुलाबांशी संकर होत गेला. १८६७ मध्ये लियोंच्या गियो यांनी 'ला फ्रान्स' आणला. पहिला हायब्रीड टी तोच, असं मानतात. उंच दांडा, टोकदार कळी. दुकानात दिसतो तो गुलाब इथून आला. भारतात या कामाला वाहून घेतलं ते डॉ. बी. पी. पाल यांनी. मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ, १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. थंड हवेसाठी पैदा केलेले गुलाब आपल्या उन्हात फिकट पडतात, म्हणून त्यांनी इथल्या हवेला मानवतील अशा जाती तयार केल्या. त्यांतल्या एका पांढऱ्या गुलाबाचं नाव 'डॉ. होमी भाभा'. १९६६ मध्ये त्यांचं 'द रोझ इन इंडिया' हे पुस्तक आलं.

आता इथं एक गंमत आहे. कलमी गुलाबाचं रोप आणा आणि खाली वाकून बघा. बुंध्याशी एक गाठ दिसेल. तिथं डोळा भरलेला असतो. गाठीच्या वर फ्रान्सचा नाहीतर दिल्लीचा गुलाब, आणि खाली खुंट म्हणून काटक जात. आपल्याकडं बऱ्याचदा ही काटक जात एडवर्डच असते. म्हणजे वरच्या नवाबाला पाणी पाजणारा हाच गावठी. आणि गाठीखालून फुटवा आला की आपण 'जंगली आलं' म्हणून खुडतो. कलम जगवायचं तर ते खुडावंच लागतं, पण ते जंगली नसतं.

हे सगळं आज का सांगतोय? गुलाबाची जात बियांतून जशीच्या तशी येत नाही. बी लावलं की वेगळंच रोप येतं. एखादी जात टिकते ती फक्त फांदीवरून फांदी लावून. म्हणजे जाणकार म्हणतात ते खरं असेल, तर आमच्या परसातला एडवर्ड हा १८१७ मधल्या त्या झुडपाचा वंशज नाही, तो तेच झुडूप आहे. दोनशे वर्षं कुणी ना कुणी एक काडी मोडून शेजारणीला दिली, म्हणून ते जिवंत आहे. त्याचा बॅकअप कुठल्या एका सर्व्हरवर नाही. तो हजारो परसांत विखुरलाय.

आणि परसं चाललीत. आमच्या गल्लीत कौलारू घरं पाडून स्लॅबची होतायत. पुढं पार्किंग, मागं पेव्हिंग ब्लॉक. न्हाणीचं पाणी आता गटारात जातं. मोठी गाडी आली की पहिला बळी काटेरी झुडपाचा. आमच्याही घराचं काम निघालं तेव्हा गवंड्यानं सकाळी पहिला प्रश्न विचारला, "हे काढू न्हवं?" आज्जी काही बोलली नाही, फक्त विळा घेऊन आली आणि काड्या करायला बसली. झुडूप गेलं. पण काड्या पाच घरांत गेल्या, त्यातल्या तीन घरांत धरल्या. एक आमच्याच गच्चीवर, प्लास्टिकच्या बादलीत.

बाजारातल्या गुलाबावर माझा राग नाही. मावळातल्या पॉलिहाउसमधून व्हॅलेंटाइनला गुलाब परदेशी जातो, त्यावर अनेकांची घरं चालतात. पण तो निवडलाय टिकण्यासाठी, प्रवासासाठी, रंगासाठी. वास त्या यादीत खाली गेला. नाकाशी धरून बघा, कळेल.

म्हणून एवढंच करा. यंदा दसऱ्यानंतर छाटणी कराल तेव्हा एडवर्डच्या फांद्या कचऱ्यात टाकू नका. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांची काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. दोन डोळे मातीत जाऊ द्या. सावलीत ठेवा, माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. पालवी फुटली तरी लगेच उपटून मूळ बघायचा मोह टाळा, कारण पान आधी येतं, मूळ मागून. धरलं की एक रोप स्वतःला ठेवा आणि एक दुसऱ्याला द्या, शक्यतो वेगळ्या गल्लीत.

तुमच्याकडं या गुलाबाला काय म्हणतात, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.