ब्रुटसची दोन नाणी : आधी स्वातंत्र्यदेवता, मग स्वतःचा चेहरा

१/ इ.स.पू. ५४. मार्कस ब्रुटस रोमच्या टांकसाळीवर अधिकारी होता. त्याने पाडलेल्या चांदीच्या देनारियसवर एका बाजूस स्वातंत्र्यदेवता लिबर्टास आहे, तर दुसऱ्या बाजूस दंडधारी सेवकांसह चालणारा त्याचा पूर्वज लुसियस ब्रुटस. परंपरेनुसार याच पूर्वजाने शेवटच्या राजाला हाकलून रोममध्ये प्रजासत्ताक आणले.

२/ या निवडीत नवल नव्हते. देनारियसवर देवदेवता असत, दिवंगत पूर्वज असत. जिवंत माणसाचा मुखवटा मात्र नसे. तो मान ग्रीक जगातले राजे घेत, आणि 'राजा' हा शब्दच रोमन माणसाला अप्रिय होता.

३/ इ.स.पू. ४४ मध्ये हा संकेत मोडला. रोमच्या टांकसाळीतून ज्युलियस सीझरचा चेहरा असलेले देनारियस बाहेर पडले. त्यांपैकी काहींवर त्याची नवी पदवी होती : तहहयात हुकूमशहा. १५ मार्च रोजी सीझरची हत्या झाली. मारेकऱ्यांत ब्रुटस अग्रभागी होता.

४/ पुढे पूर्वेकडे सैन्य जमवताना, इ.स.पू. ४३-४२ मध्ये, ब्रुटसने आपले सर्वांत प्रसिद्ध नाणे पाडले. मागील बाजूस दोन खंजीर आणि त्यांच्यामध्ये 'पिलेउस' ही टोपी. गुलामगिरीतून मुक्त झालेला माणूस ही टोपी घाली. खाली दोनच संक्षिप्त शब्द : 'ईद मार', म्हणजे मार्चचे ईड्स, १५ मार्च. खंजिरांनी रोमला मुक्त केले, असा हा सरळ दावा.

५/ आता नाणे उलटा. दर्शनी बाजूस लिबर्टास नाही, पूर्वजही नाही. तिथे स्वतः ब्रुटस आहे, जिवंतपणीच, आणि सोबत 'इंपेरातोर' या सेनापतीच्या उपाधीचा संक्षेप.

६/ असे का? सैन्याला वेतन द्यायचे, तर ते कोण देतो हे सैनिकाला दिसावे लागते. अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांचे चेहरेही तोवर नाण्यांवर आले होते. प्रजासत्ताकासाठी लढणाऱ्यालाही आता तत्त्वापेक्षा चेहऱ्याची गरज भासू लागली होती.

७/ इ.स.पू. ४२ मध्ये फिलिप्पी येथे पराभव झाल्यावर ब्रुटसने आत्महत्या केली. ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस झाला आणि नाण्यावर सम्राटाचा मुखवटा ही रीतच ठरली. प्रजासत्ताक रणांगणावर हरले खरे. पण त्याच्या रक्षकाने नाण्यावर आपला चेहरा कोरला, तेव्हाच त्याने अर्धी लढाई सोडून दिली होती.