कपाट आवरायची तारीख

जपानमध्ये कपाट आवरायला चक्क तारीख असते राव! ‘कोरोमोगाए’ म्हणतात त्याला. हेइआन काळात दरबारी मंडळी चौथ्या आणि दहाव्या चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी कपडे बदलायची. १८७३ मध्ये सौर कॅलेंडर आलं, पुढे १ जून आणि १ ऑक्टोबर या तारखा रूढ झाल्या. थोडक्यात, क्रॉन जॉब! एका ऋतूचे कपडे बाहेर, दुसऱ्याचे पेटीत. कपाट आपोआप मोकळं.

पण उकाडा तारीख कुठे पाळतो? २००५ मध्ये सरकारने ‘कूल बिझ’ आणलं: टाय नको, एसी २८ अंशांवर. २०२१ मध्ये त्याचीही ठरलेली मुदत गेली. मारी कोंदो तर २०१४ मध्ये इंग्रजीत आलेल्या पुस्तकात सांगते, ही अदलाबदलच सोडा, सगळं हाताशी ठेवा. पटतं. पण एकाच आठवड्यात स्वेटर आणि रेनकोट दोन्ही लागणाऱ्या पुण्यात टाकायचं नक्की काय?