मध्ययुगीन इंग्लंडमधली जमिनीची कागदपत्रं ऑनलाइन कशी शोधायची?

विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांची पहिली सवय म्हणजे सर्च बॉक्समध्ये गावाचं नाव टाकणं. मध्ययुगीन इंग्लंडच्या कागदपत्रांबाबत ही सवय लवकरच तोंडघशी पाडते. हे कागद सहसा गावानुसार किंवा विषयानुसार लावलेले नसतात, तर ते ज्या कचेरीत तयार झाले तिच्यानुसार लावलेले असतात. त्यामुळे आधी विचारायचं ते हे : मला हवी असलेली माहिती त्या काळी कोणी, कशासाठी लिहून ठेवली असती?

याला एक सुखद अपवाद आहे, तो म्हणजे डूम्सडे बुक. विल्यम राजाच्या हुकमाने १०८६ मध्ये झालेली ही पाहणी 'ओपन डूम्सडे' या संकेतस्थळावर गावाच्या नावाने शोधता येते आणि मूळ पानाचं चित्रही तिथेच दिसतं. पण आकडे लगेच एक्सेलमध्ये भरू नका. 'हाइड' हे मोजमाप क्षेत्रफळासारखं दिसतं, पण मुळात ती कर-आकारणी आहे. माणसांची नोंद साधारणपणे कुटुंबप्रमुखांची आहे, त्यामुळे लोकसंख्या काढायची तर एका कुटुंबात माणसं किती, हे आपल्यालाच गृहीत धरावं लागतं. शिवाय लंडन, विंचेस्टर आणि उत्तरेकडचे डरहॅम, नॉर्थम्बरलँड यात नाहीत. तुमचं गाव तिथलं असेल, तर शोध रिकामा येणारच.

डूम्सडेनंतरच्या काळासाठी मला सगळ्यात जास्त आवडणारा कागद म्हणजे 'फीट ऑफ फाइन्स'. इथे फाइन म्हणजे दंड नव्हे. लॅटिन 'फिनिस' म्हणजे शेवट, त्यावरून कोर्टातल्या वादाचा शेवट करणारी तडजोड. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर तीनदा लिहायचा, दोनदा शेजारी-शेजारी आणि तिसऱ्यांदा खाली आडवा. मग नागमोडी कापून वरचे दोन तुकडे दोन पक्षांना द्यायचे आणि तळाचा तुकडा, म्हणजे 'फूट', सरकारी खजिन्यात ठेवायचा. पुढे कोणी खोटा कागद आणलाच, तर कापलेल्या कडा जुळतात का ते बघायचं. ११९५ मध्ये सुरू झालेली ही पद्धत १८३३ च्या कायद्याने बंद होईपर्यंत चालली. खासगी घरांतले तुकडे बरेचसे हरवले, सरकारजमा तळ मात्र मोठ्या संख्येने टिकले.

आता हे शोधायचे कसे? बऱ्याच परगण्यांतल्या इतिहास-मंडळांनी या कागदांचे इंग्रजी सारांश छापले आहेत. त्यांना 'कॅलेंडर' म्हणतात. अनेक कॅलेंडरं 'ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन' आणि 'इंटरनेट आर्काइव्ह'वर मिळतात. आधी तिथे गाव किंवा व्यक्ती शोधा. मग राजाचं राज्यवर्ष आणि क्रमांक टिपून घ्या. मूळ कागद लंडनमध्ये क्यू इथे नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, 'सीपी २५/१' या मालिकेत, परगण्याप्रमाणे आहेत. त्यांची छायाचित्रं 'अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन' या ह्यूस्टन विद्यापीठाशी जोडलेल्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. तिथे मजकुरात शोध घ्यायची सोय नाही. हातात क्रमांक नसेल, तर तुम्ही त्या चित्रांच्या ढिगात हरवलातच म्हणून समजा.

राज्यवर्षाचं गणित एकदा करून बघा. तिसरा एडवर्ड २५ जानेवारी १३२७ पासून राजा झाला. म्हणजे त्याचं बारावं वर्ष २५ जानेवारी १३३८ ला सुरू झालं, आणि त्या वर्षातलं ट्रिनिटीचं सत्र म्हणजे १३३८ चा उन्हाळा.

आणि एक सापळा, खास आपल्यासारख्या आलेखप्रेमींसाठी. फाइनमध्ये रक्कम दिलेली असते, उदाहरणार्थ १०० मार्क. या रकमा वर्षावर्षाने मांडून जमिनीच्या किमतीचा आलेख काढायचा मोह होतो. काढू नका. बहुतेक वेळा खरा वाद नसायचाच. जमीन पक्की नावावर करून घेण्यासाठी मिटवून ठेवलेला दावा दाखल व्हायचा. विशेषतः चौदाव्या शतकापासून या रकमा पुष्कळदा ठोकळेबाज असतात, आणि एकरांचे आकडेही बरेचदा गोळाबेरीज असतात. कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या अटीवर, ही माहिती मात्र भरवशाची.

हस्तलिखितांचं थोडक्यात सांगतो. मठांनी आपल्या दानपत्रांच्या नकला ज्या ग्रंथात उतरवून ठेवल्या, त्याला कार्ट्युलरी म्हणतात. त्यांची सूची जी. आर. सी. डेव्हिस यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली, २०१० ची सुधारित आवृत्ती वापरा. तिच्यातून कार्ट्युलरी कुठे आहे आणि तिचा शेल्फमार्क काय ते कळतं. लिंक नव्हे, शेल्फमार्क लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीची डिजिटल हस्तलिखितं दीर्घकाळ बंद होती आणि असंख्य तळटीपांतल्या लिंका मेल्या. याउलट रॉबर्ट कॉटनच्या संग्रहात कपाटांवर रोमन सम्राटांचे पुतळे होते, त्यावरून पडलेले क्रमांक १७३१ च्या आगीतूनही तगले. 'बेओवुल्फ'चं हस्तलिखित आजही 'कॉटन व्हिटेलियस ए १५' म्हणूनच मागवतात.

हे सगळं बहुतांशी लॅटिनमध्ये आहे, तेही संक्षेपांनी भरलेलं. नॅशनल आर्काइव्ह्जचा नवशिक्यांसाठीचा मोफत लॅटिन अभ्यासक्रम १०८६ ते १७३३ या काळातल्याच कागदांवर बेतलेला आहे. १७३३ का? त्या वर्षी इंग्लंडच्या कोर्टांतून लॅटिन कायद्याने हद्दपार झाली.